दुसरी मांडी

विमान कंपन्यांच्या नियमपुस्तकात आईची मांडी हेही एक आसन आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला त्या आसनावर बसवून नेता येते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे साधारणतः मोठ्या माणसाच्या भाड्याच्या एक दशांश पडते. मराठीत माणसाला दोन मांड्या असतात. कंपन्यांच्या हिशेबी मात्र एकच. त्यामुळे घरात जुळे आले की गणित बिघडते. दुसऱ्या मुलासाठी एक तर स्वतंत्र आसन विकत घ्यायचे, नाही तर दुसरी मांडी शोधायची. एका प्रौढाबरोबर दोन तान्ही मुले घ्यायलाच नकार देणाऱ्या कंपन्याही आहेत. आमच्या सातारा-सांगलीकडे ही दुसरी मांडी बहुधा आजीची असते. मीही एकदा ती झाले आहे.

साताऱ्याच्या शाहूपुरीत, सदर बझारात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये फिरून पाहा. अमेरिका-युरोपातून आलेली नातवंडे अंगणात दिसतील. उशिरा होणारी लग्ने आणि वंध्यत्वावरचे उपचार यांमुळे जुळ्यांचे प्रमाणही पूर्वीपेक्षा वाढले आहे. बापाला रजा दोन-तीन आठवड्यांची, आई-मुले मात्र दोन-अडीच महिने राहणार. म्हणजे येताना किंवा जाताना एका खेपेला आई एकटीच. २०२५ सालाने यात आणखी भर घातली. १९ सप्टेंबरला एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा सुरुवातीच्या गोंधळात कित्येक कंपन्यांनी आपल्या माणसांना देशाबाहेर जाऊ नका असे कळवले. डिसेंबरात भारतातल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीवर आलेले लोक इथेच अडकले. ज्याच्या पासपोर्टवरचा शिक्का जुना झाला आहे त्याने मागेच राहावे, हे शहाणपण मग घरोघर आले.

आता या भाड्याच्या नियमाचा एक परिणाम पाहा. मूल दोन वर्षांचे झाले की त्याला आसन आणि आसनाचे भाडे. जुळी असली तर हा फरक दुप्पट. साहजिकच दुसऱ्या वाढदिवसाच्या आत एकदा जाऊन येऊ, असे घरात ठरते. म्हणजे प्रवास नेमका दीड ते दोन या वयात होतो. विमानात बसवायला याहून वाईट वय नसेल. पाच-सहा महिन्यांचे मूल झोपते, तीन वर्षांचे चित्रे बघत बसते. दीड वर्षाच्याला नुकते पाय फुटलेले असतात आणि समजूत घालण्याइतकी भाषा कळत नसते. भिंतीला अडकवायचा पाळणा तोवर अपुरा पडतो. त्याची वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत दहा-बारा किलोच्या आसपास असते, आणि पट्टे बांधण्याचा दिवा लागला की झोपलेले मूलही उचलून घ्यावे लागते. शिवाय परतीच्या प्रवासाआधी वाढदिवस आला, तर परतीसाठी आसन घ्यावेच लागते. हे अनेकांना तिकीट काढताना कळते, काहींना त्याहूनही उशिरा.

दुसरी मांडी शेजारी बसेल, असेही नाही. आसनांच्या प्रत्येक गटावर प्राणवायूचे मुखवटे मोजके असतात, बहुधा आसनांपेक्षा एक जास्त. त्यामुळे मांडीवरची दोन बाळे एकाच गटात चालत नाहीत. आम्हा मायलेकींच्या मध्ये वाट आली. रात्रभर दुधाच्या बाटल्या त्या वाटेवरून इकडून तिकडे जात होत्या. एक रडली की दुसरीला जाग यायची आणि दोघींनाही आईच हवी असायची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकीट-नोंदीवरच्या निदान एका पालकाजवळ आसन द्या. नियम चांगला आहे. पण मांडीवरच्या मुलाला आसनच नसते, त्यामुळे आजीची जागा आईच्या जवळपास असावी याची हमी त्यातून मिळत नाही.

इथवर गैरसोयीचे बोललो. खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे डीसी-१० विमान उतरताना कोसळले. विमानात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आयांना सांगण्यात आले की, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा. त्या चौघांतला एक मुलगा दगावला. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यानंतर लहानग्यांनाही वेगळे आसन आणि पट्टा सक्तीचा करा अशी शिफारस केली आणि पुढे ती पुन्हा पुन्हा मांडली. हवाई प्रशासनाने २००५ मध्ये तिला नकार दिला. कारण मोठे विचार करण्याजोगे होते: आसन विकत घ्यायला लावले तर काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुले मरतील.

हिशेब म्हणून हे खोटे नाही. पण तो त्यांच्या देशातल्या प्रवासाचा हिशेब आहे. साताऱ्याहून न्यू जर्सीला मोटारीने कोण जाणार? लांबच्या प्रवासात पर्याय नसतो, तेव्हा कंपन्यांना जुळ्यांपैकी निदान दुसऱ्याला सवलतीत आसन द्यायला लावणे अवघड नसावे. धक्के बसू लागले की दहा किलोचे मूल दोन हातांत धरून ठेवता येत नाही. साठी ओलांडलेल्या हातांत तर नाहीच.

झोपवण्याच्या औषधाचेही बोलले पाहिजे, कारण सर्दी-खोकल्याचे एक चमचा औषध दे, बारा तास हूं की चूं करणार नाहीत, हा सल्ला प्रत्येक निघणाऱ्या आईला कोणीतरी देतेच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले की, दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाचाखालीही सर्वसाधारणपणे टाळावीत. कान दुखून रडतात ती विमान उतरू लागते तेव्हा. त्या वेळी दूध किंवा पाणी गिळायला दिले की बरेच निभावते. वेळ काढायला मला सर्वांत उपयोगी पडले ते चुरमुरे. एकेक दाणा चिमटीत धरून तोंडात टाकण्यात त्यांचा पाऊण तास गेला. सांगलीचे भडंग मात्र आपल्यासाठी ठेवावे, कारण त्यातला शेंगदाणा लहानग्यांच्या घशात अडकतो.

लांबचा प्रवास आमच्या मुलखाला नवा नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतल्या बायका कडेवर मूल घेऊन पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दोन रात्री काढून जम्मूला गेल्या. खानापूर-आटपाडीची गलाई व्यवसायातली कुटुंबे सोन्याचांदीच्या मागे पार बंगाल-केरळपर्यंत पोरांसह पोचली. गाडीत दोन वरच्या बाकांना साडीची झोळी बांधता येई, समोरची बाई न सांगता एक मूल घेई. तेही हालच होते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण झोळीला वजनाची मर्यादा नव्हती, एवढे खरे.

शिवाय प्रवास लांबत चालला आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. २३ जूनला कतारचे आकाश काही तास बंद होते. डिसेंबरात इंडिगोची विमाने शेकड्यांनी रद्द झाली, त्या वेळी विमानतळांवर मुलांचे लंगोट आणि दूध यांसाठी आईबाप हिंडत होते. जुळ्यांच्या पिशवीत लागेल त्याहून एक दिवसाचे जास्तच असावे.

आणि हे सारे विमानात पाय ठेवल्यानंतरचे. साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या आसपास. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, पण अटलांटिकपार जायचे तर आमच्या लोकांची मदार अजून मुंबईवरच आहे. विमान पहाटेचे, म्हणून भाड्याची मोटार संध्याकाळी निघते, टपावर बॅगा, मागे आजी, आई आणि दोन मांड्यांवर दोन मुले, पट्ट्याविना. खंबाटकीचे एस आकाराचे वळण अपघातांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे, पुढे द्रुतगती मार्गावरचे ट्रक. अमेरिकन प्रशासनाचा तो रस्त्याचा हिशेब इथे तंतोतंत लागू पडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड ठेवला आहे. तो भरल्याचे मी आमच्या गल्लीत ऐकलेले नाही.

अमेरिकेतल्या घरी प्रत्येक मुलासाठी मोटारीतले आसन असतेच, तिथे त्यावाचून इस्पितळातून बाळ घरी आणणेही कठीण. विमानात वापरायला मंजूर असल्याची नोंद त्यावर असेल, तर तेच आसन विकत घेतलेल्या जागेवर बसवता येते आणि मुंबईला उतरल्यावर टॅक्सीतही. आमच्या शेजारच्या जुळ्यांच्या आईने यंदा दोन्ही आसने बरोबर आणायचे ठरवले आहे. मुलांचा दुसरा वाढदिवस होऊ दिला, तिकिटे चार काढली. तिच्या सासूबाईंना यात पैशांची उधळपट्टी दिसते. मोटारवाल्याला मात्र मागच्या बाकाला तीन पट्टे आहेत का, हे त्यांनीच दोनदा फोन करून विचारले.