पहिली रांग खेळाडूंची

१९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवून अजित वाडेकरांचा संघ परतला. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींची भेट झाली, मग संघ मुंबईला आला. सांताक्रूझ विमानतळापासून थेट दक्षिण मुंबईपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. २६ सप्टेंबर २००७ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन धोनीचा संघ उतरला, तेव्हाही हीच उपनगरे पावसात तासन्‌तास ताटकळली. पण वानखेडेच्या मंचावर पहिल्या रांगेत मंत्री आणि क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी बसले आणि विश्वविजेते मागे. मुंबईकरांनी ते पाहिले आणि त्यांना ते खुपले.

त्यानंतर मंच वाढले, शहाणपण वाढले नाही. ५ जुलै २०२४ रोजी विधान भवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्याबद्दल सत्कार झाला आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. क्रिकेट मंडळ त्याआधीच १२५ कोटी देऊन बसले होते. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. महिना उलटायच्या आत कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्यासाठी त्या दिवशी एक कोटी जाहीर झाले. गर्दी कुठे जमते, हे पाहून थैलीचे तोंड सैल होते, हा याचा सरळ अर्थ. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. खेळावरचे प्रेम ते.

सत्कार उरकण्याच्या घाईची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत आरसीबीच्या आदल्या रात्रीच्या आयपीएल विजयाचा सरकारी सत्कार विधान सौधच्या पायऱ्यांवर उरकण्यात आला आणि चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले.

पुढाऱ्यांनी खेळापासून दूर राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईतली कितीतरी कबड्डी-खो-खो मंडळे स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीवर तगली आहेत. मॅटचे पैसे, मुलांच्या प्रवासाचे भाडे त्यांनीच उभे केले आहे. अशा माणसाचा फोटो फलकावर असला तर कोणाला खुपणार नाही. पण सांताक्रूझ स्टेशनबाहेर किंवा वाकोल्याच्या नाक्यावर लागणारा फ्लेक्स बघा: हात जोडलेले नेते पुरुषभर, त्यांच्यावर त्यांचे नेते, खाली शुभेच्छुकांची रांग आणि जिंकलेली मुलगी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. तिच्या प्रशिक्षकाचे नावही नाही.

सरकारी सत्कारात पहिली रांग खेळाडू आणि प्रशिक्षकांची, असा नियम राज्य सरकारने लेखी करावा. बक्षिसाचे आकडे खेळागणिक आधीच ठरवून जाहीर करावेत, म्हणजे मंचावर औदार्य दाखवायला जागा उरणार नाही. आणि पुढचा फ्लेक्स लागेल तेव्हा सांताक्रूझकरांनी त्यावरच्या शुभेच्छुकांना गाठून विचारावे: ही मुलगी सरावाला मैदान शोधत फिरत होती, तेव्हा तुम्ही तिच्यासाठी काय केलेत?