सरपंचाला सातवीची अट कशाला?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. शिपायाच्या जागेलाही शिक्षणाची अट असते, मग गावाचा कारभार हाकणाऱ्याला का नको? विचारणारे बहुतेक जण गावाच्या भल्यासाठीच विचारतात, म्हणून त्यांना नीट उत्तर मिळाले पाहिजे.

ही खंत थेट संविधान सभेइतकी जुनी आहे. 26 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्रप्रसाद म्हणाले होते, की कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, पण कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे काहीच ठरवलेले नाही. अटीचे समर्थक याचा दाखला आवर्जून देतात. त्याच भाषणातल्या आणखी दोन गोष्टी मात्र मागे राहतात. लोकप्रतिनिधीला समतोल दृष्टी, स्वतंत्र बाणा आणि सर्वांत आधी चारित्र्य लागते, आणि ते मोजण्याचे माप सापडत नाही, हे त्यांनीच सांगितले होते. शिवाय खेड्यातल्या निरक्षर माणसाच्या समजूतदारपणावर त्यांनी पूर्ण भरवसा दाखवला होता. 1951 च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम 18 टक्के भरली. त्याच मतदारांनी चिन्हे ओळखून पहिली लोकसभा निवडली.

शिक्षणाची अट प्रत्यक्षात कोणाला बाहेर काढते, हे हरियाणात दिसले. 2015 च्या कायद्याने पंचायतीच्या उमेदवारीसाठी सर्वसाधारण पुरुषांना दहावी, महिलांना आणि अनुसूचित जातींच्या पुरुषांना आठवी, तर पंच होऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींच्या महिलांना पाचवी बंधनकारक केली. घरात शौचालय हवे, वीजबिल थकलेले नको, हेही होतेच. राजबाला खटल्यात 10 डिसेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. बरे-वाईट पारखण्याची शक्ती शिक्षणानेच येते, असा त्या निकालाचा सूर होता. पण त्याच खटल्यात मांडल्या गेलेल्या हिशेबाप्रमाणे ग्रामीण हरियाणातली विशीपुढची सुमारे 43 टक्के माणसे उमेदवारीतून बाद होत होती. दलित महिलांमध्ये हे प्रमाण 68 टक्के होते. ज्या बाईच्या लहानपणी मुलीला शाळेत घालण्याची रीत नव्हती, तिला उतारवयात शाळेचा दाखला मागणे हा उघड अन्याय आहे. शाळा पोचली नाही हे अपयश सरकारचे, आणि शिक्षा तिला.

आणि हीच बाई आमदारकी लढवू शकते, खासदार होऊ शकते, मंत्रीही होऊ शकते. तिथे आजही शिक्षणाची अट नाही. कायदे करायला जी लायक, ती गावच्या नळयोजनेचा ठराव मांडायला नालायक कशी ठरते? राजस्थाननेही डिसेंबर 2014 मध्ये वटहुकूम काढून अशी अट आणली होती. 2019 मध्ये ती रद्द झाली, हे बरेच झाले.

महाराष्ट्राची अट त्या मानाने सौम्य आहे. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंचपदासाठी सातवी पास असावे लागते. या पिढीला शाळा उपलब्ध होती, हा युक्तिवाद वरवर पटतो. पण बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतो, तेव्हा पोरेही बैलगाडीत असतात, आणि परत येईतो शाळेचे वर्ष सरत आलेले असते. अशा फडावर वाढलेल्या तरुणाला टोळीची उचल, मुकादमाचा हिशेब आणि गावातल्या टँकरची पाळी पक्की कळते. त्याला अर्ज भरण्याआधीच घरी बसवून गावाचे काय भले होणार?

राहिला शिपायाचा मुद्दा. शिपायाला कार्यालय नेमते, म्हणून कार्यालय अट घालते. सरपंचाला गाव नेमते. लिहिण्या-वाचण्याच्या, दप्तराच्या कामासाठी पात्रताधारक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) पगारावर असतोच. अडाणी सरपंचाकडून अंगठा घेऊन पैसे उचलले जातात, ही तक्रार खोटी नाही. पण शिकलेल्यांच्या सह्यांनी झालेले अपहार थोडे आहेत काय? आणि शिकलेली सून निवडून आणून खुर्चीत सरपंचपती बसवणाऱ्या घरांना सातवीची अट कधीच आडवी येत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातच दोन्ही उदाहरणे शेजारी-शेजारी सापडतात. हिवरे बाजारचे पोपटराव पवार पदव्युत्तर शिकलेले. 1989 मध्ये सरपंच झाले आणि दुष्काळी गाव पाण्यावर आणले. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सातवीपर्यंत शिकलेले, लष्करात वाहनचालक होते, आणि पाणलोटाचे काम त्यांनी गावाच्या श्रमदानातून उभे केले. मद्रासचे मुख्यमंत्री के. कामराज यांची शाळा लहानपणीच सुटली, पण शाळेत दुपारचे जेवण राज्यभर नेले ते त्यांनीच. राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडणारे वसंतदादा पाटील स्वतः कॉलेजात गेलेले नव्हते.

मग उमेदवार पारखायचा कसा? त्याची साधने गावातच पडून आहेत. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मग पाच-पंचवीस माणसांत ठराव उरकतात. उमेदवार मागच्या पाच वर्षांत किती ग्रामसभांना हजर होता, काय बोलला, हे प्रोसिडिंगच्या वहीत असते. त्याची घरपट्टी-पाणीपट्टी थकली आहे का, हे पंचायतीच्या दप्तरात कळते. अर्जासोबतच्या शपथपत्रात गुन्हे आणि मालमत्ता लिहिलेली असते. उमेदवाराची ही माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले आहे. निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात प्रशिक्षण आणि हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्ती, एवढे कसोशीने पाळले तरी अंगठ्याचा गैरवापर आटोक्यात येईल.

सातवीची अट सरकारने काढून टाकावी. आणि मतदारांनी अर्ज भरण्याची मुदत संपण्याची वाट न पाहता आताच पंचायतीत जाऊन मागच्या ग्रामसभांची प्रोसिडिंगे मागून वाचावीत.