पत्राची ओळ आणि लेखाचे पान

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथे होतो. कापसाचा मुलूख. १९७२ साली राज्यात सुरू झालेली एकाधिकार खरेदी योजना तेव्हा चालू होती. केंद्रावर कापूस घातला की चुकारा केव्हा मिळणार, हाच ज्याच्या त्याच्या तोंडी प्रश्न. एका शेतकऱ्याने मला वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून मागितले. मी हौसेने दोन पाने लिहिली. हमीभाव, प्रतवारी, सरकारी धोरण, सारे आले. वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "सायेब, हे तं भाषन झालं. माही गोष्ट येवढीच हाये. कर्जाची तारीख आली, चुकारा आला नाई."

वर्तमानपत्र वाढू लागले की संपादकापुढे हाच पेच येतो. पत्रांना मोकळे रान द्यावे, तर तीच दहा माणसे दर आठवड्याला भांडत बसतात आणि नवा वाचक बिचकून दूर राहतो. पत्रे आखडून लेखच छापावेत, तर अंकाचे कीर्तन होते. बुवा बोलतात, श्रोते माना डोलावतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पत्रे म्हणजे ठेवी आणि लेख म्हणजे कर्जवाटप. ठेवी नुसत्या तिजोरीत ठेवून बँक चालत नाही, आणि ठेवीच नसतील तर वाटणार काय?

आपल्याकडे हा हिशेब काहींनी नीट जमवला होता. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते. ती 'शतपत्रे' आज मराठी निबंधाच्या आरंभकाळातील ठेवा मानली जातात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. लेखांच्या बरोबरीने वाचकांच्या प्रश्नांना तेथे उत्तरे मिळत. घरात ज्याचा उच्चार करता येत नसे, ते लोक कर्व्यांना विचारीत. अशा उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. उत्तरे मात्र थांबली नाहीत.

या दोघांकडून संपादकाने एक गोष्ट घ्यावी. पत्रांना किती जागा आणि लेखांना किती, हे पट्टी लावून ठरवू नये. महिन्यातून एकदा पत्रांच्या ढिगातून एक प्रश्न उचलावा, तो जाणकाराकडे सोपवावा, लेखाच्या माथ्यावर मूळ पत्र छापावे आणि पुढच्या रविवारी त्या लेखाला होणारा विरोधही छापावा. पत्राने लेखकाला कामाला लावावे, लेखाने पुढच्या पत्राची पातळी उंचवावी. आज मते मांडणाऱ्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो दुसऱ्याचा प्रश्न घेऊन चार दिवस बसणाऱ्यांचा.

त्या शेतकऱ्याची ओळ मी जशीच्या तशी पाठवली. ती एका कोपऱ्यात छापून आली. तो अंक घेऊन तो बँकेत आला आणि म्हणाला, "आता पुढं?"

पुढे काही झाले नाही. त्या ओळीवर लेख कोणी लिहिला नाही. माझी दोन पाने टेबलाच्या खणात तयार होती. सरकारी नोकरीचा विचार करून मीही ती पाठवली नाहीत.