गाव उठलं, बाई कुठं बसली?

महसूल खात्याच्या जुन्या दप्तरात एक शब्द आहे: 'बेचिराख'. आपण तो जळून खाक झालेल्या गावासाठी वापरतो. दप्तरात मात्र ज्या गावात वस्ती उरली नाही, ते बेचिराख गाव. मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. गावाचं नाव कागदावर राहतं, शिवार राहतं, सर्व्हे नंबर राहतात. फक्त तिन्हीसांजेला दिवा लावणारं कुणी नसतं. हा दिवा पिढ्यान्‌पिढ्या कुणी लावला, हे काही वेगळं सांगायला नको. पण गाव उठवताना जी मोजणी होते, तिच्यात दिवा लावणारीसाठी रकाना नाही.

आम्हा पनवेलकरांना उठलेली गावं पाहायला लांब जावं लागत नाही. नवी मुंबई विमानतळाच्या सुमारे ११६० हेक्टर जागेसाठी दहा गावांना उठावं लागलं. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली ही त्यांतली काही नावं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली.

या गावांविषयी बोलायला लागलं की ठरलेला प्रश्न येतो: "त्यांना काय कमी मिळालं? साडेबावीस टक्के विकसित जमीन, घराला भूखंड, बांधकामाचे पैसे. दारात गाड्या उभ्या आहेत!" हा प्रश्न विचारणाऱ्यांना आमचा उलटा प्रश्न आहे: 'त्यांना' म्हणजे कुणाला?

मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. घराचा भूखंड घरपट्टीच्या उताऱ्यावरच्या नावाला मिळतो. ही नावं बहुतेक कुणाची असतात, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. भातलावणीला चिखलात वाकली ती, झोडणीला उभी राहिली ती. कागदावर मात्र तिचा नवरा, दीर किंवा सासरा. आणि जे काम कागदावर कधी आलंच नाही, त्याचा मोबदला कुठून मिळणार? आगरी-कोळी बाया ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडायच्या, खुबे, निवट्या, कोळंबी गोळा करायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात बसायच्या. तो पैसा थेट तिच्या कनवटीला यायचा. नवऱ्याने दारूत उडवलं तरी चूल पेटती ठेवणारा हा पैसा होता. भराव पडला आणि तो बुडाला. खाडी कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचं काही गेलंच नाही असा हिशोब झाला! वास्तविक २०१३ चा भूसंपादन कायदा पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमार कुटुंबांना, शेतमजुरांनासुद्धा बाधित कुटुंब मानतो. पण कायदा पुस्तकात आणि मोजणी बांधावर, अशी ही गत आहे.

दुसरी गोष्ट पैशात मोजता येत नाही म्हणून कुणी मोजतच नाही. गाव म्हणजे बाईचा आधार होता. बाळंतपणाला धावून येणारी म्हातारी, मूल सांभाळणारी शेजारीण, लग्नात धवले गाणारी धवलारीण. या धवलारणीला आगरी समाजात भटजीइतका मान. गाव पांगलं की धवलारीण कुठे आणि लग्नघर कुठे! कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना एक बाब वारंवार जाणवते. आळीत नवऱ्याने हात उचलला तर अंगणात चार बाया जमायच्या. त्या दरवेळी तिच्याच बाजूने बोलायच्या असं नाही. पण मार लपून राहत नव्हता. आज चौथ्या मजल्यावरचा बंद दरवाजा तो सहज लपवतो. मोबदल्याच्या पैशाने दारू, जुगार, दुसरा घरोबा सोपा केला, तो भोगही तिच्याच वाट्याला.

इथे आपल्याच काही मित्रांशी वाद घालायला हवा. "किती सुंदर होतं आमचं गाव!" असे उमाळे आता सभांमधून, स्मरणिकांमधून येतात. मैत्रिणींनो, आपण या सुरात सूर मिसळू नये. ज्या गावात परित्यक्तेला ओसरीचा कोपरा मिळत होता, विधवेला शुभकार्यात मागे सारलं जात होतं, आणि कातकरी बाईची झोपडी कायम दुसऱ्याच्या जमिनीवर होती, ते गाव सर्वांचं कधीच नव्हतं. वीटभट्टीवर आणि खातेदारांच्या शेतावर राबलेल्या कातकरणीचं नाव जुन्या गावाच्या उताऱ्यावर नव्हतं आणि नव्या नगराच्या यादीतही नाही. आपलं भांडण गाव जसंच्या तसं राहावं यासाठी नाही. गाव मोडताना गावाची विषमता तेवढी जपून नव्या जागी नेऊन बसवली, यासाठी आहे.

ओस पडण्याची दुसरी तऱ्हा आपल्या दक्षिणेला आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बायकांची संख्या जास्त म्हणून आनंद मानायचं कारण नाही. पुरुष मुंबईला गेले आणि बायका, म्हाताऱ्या मागे राहिल्या, असा त्याचा मोठा अर्थ आहे. तिथे घर, गुरं, देवघर, सासू-सासरे बाईच सांभाळते. सही मात्र गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याची. पनवेलला गाव उठवलं गेलं, रत्नागिरीला ते आपोआप रिकामं होतं आहे. दोन्हीकडे बाई राबते आणि कागदावर नसते.

आता चळवळीबद्दल. १९७० साली सिडको आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. त्या रक्ताचं मोल आम्ही कमी लेखत नाही. पण सरकारकडे न्याय मागणारा भूमिपुत्र घरात बहिणीला काय देतो? 'भूमिपुत्र' या शब्दातच भूमिकन्या नाही! मोर्चाला बाया पुढे, लाठीला बाया पुढे. आणि मोबदल्याचा दिवस जवळ आला की बहिणीच्या दारात भाऊ हक्कसोड पत्र घेऊन हजर. "माहेर तुटेल हो," असं म्हणत एका साडीवर सही घेतली जाते. कोट्यवधीच्या जमिनीची किंमत बहिणीपुरती एक साडी?

कायदा काय सांगतो? महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानतो. १९७९ च्या नर्मदा लवादाने सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानलं होतं, सज्ञान मुलीला नाही. तिथपासून इथपर्यंतची वाट चळवळीने चालून काढली आहे. ती एका हक्कसोड पत्रावर वाया जाऊ द्यायची का?

हे सारं झालेल्या गोष्टींचं रडगाणं नाही. जानेवारी २०१३ मध्ये 'नैना' क्षेत्र जाहीर झालं तेव्हा त्यात २७० गावं होती. पनवेल तालुक्यात नगररचना योजनांचे नकाशे, याद्या, सुनावण्या चालूच आहेत. म्हणून आपल्या मागण्या आत्ताच मांडायला हव्यात:

१. पुनर्वसनाचा प्रत्येक भूखंड पती-पत्नी दोघांच्या नावे झाला पाहिजे. 'घर दोघांचं' हे धोरण ग्रामविकास खात्याने २००३ सालीच मान्य केलं आहे. भूखंड दोघांचा का नको?

२. विधवा, परित्यक्ता, एकट्या स्त्रिया यांची गावागावांत स्वतंत्र यादी करून ती चावडीवर लावावी.

३. मोबदला ठरण्याच्या काळात हक्कसोड पत्र करून घेताना बहिणीला तिच्या हिश्श्याची किंमत लेखी कळवणं सक्तीचं करावं, आणि तिला एकटीला भेटून विचारावं.

४. खाडी, शेतमजुरी, भाजीविक्री यांवर जगणाऱ्या बायांची उपजीविका मोजावी. भूमिहीन आणि कातकरी कुटुंबांना घराची जागा मिळावी.

५. मोजणीआधी महिला ग्रामसभा घ्यावी. पालिकेत गेलेल्या गावांत ग्रामसभाच उरत नाही, तिथे वॉर्डात बायकांची वेगळी सभा व्हावी.

सरकार हे आपणहून करणार नाही आणि भाऊही करणार नाहीत. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी येत्या महिन्यात एक काम हाती घ्यावं: आपल्या गावातला प्रत्येक सातबारा आणि घराचा उतारा काढून त्यावर बाईचं नाव आहे का ते पाहावं. नसेल तिथे बाईला बरोबर घेऊन तलाठ्याकडे जावं आणि वारस नोंदीचा अर्ज द्यावा. ही तपासणी नोटीस येण्याआधी झाली पाहिजे. नोटीस हातात पडल्यावर घरोघरी सह्यांची घाई सुरू होते, आणि त्या घाईत बाईला विचारायला कुणी थांबत नाही.