पीएच.डी.साठी जमीन विकायचे कारण नाही

भिवंडी तालुक्यात गोदामांमुळे जमिनीला भाव आला. तेव्हापासून पोरगं शिकायला परदेशी निघालं की घरात पहिला विषय निघतो तो चार गुंठे काढण्याचा. फी भरून परदेशी पदवी घ्यायची तर पैसा लागतोच, त्यात वाद नाही. परंतु पीएच.डी.चे गणित वेगळे आहे, आणि नॉर्वेचे तर फारच वेगळे.

नॉर्वेत पीएच.डी. करणारा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. मुदत ३ वर्षे. शिकवण्याचे काम जोडलेले असेल तर ४. पगार वर्षाला ५ लाख क्रोनरच्या वर, म्हणजे आपले ४० लाख रुपये तरी धरा. आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. त्यातून कर कापला जातो आणि घरभाडे, किराणा तिकडे भलताच महाग. तरी एकटा माणूस नीट राहतो. २०२३ पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांनी युरोपबाहेरच्या मुलांना पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी फी लावली, पीएच.डी.ला मात्र ती नाही. एजंटच्या पायऱ्या चढण्याआधी एवढा फरक समजून घ्यावा. पीएच.डी.ची जागा पैसे भरून मिळत नाही, आणि तशी मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

जागेची जाहिरात नोकरभरतीसारखीच निघते. विषय ठरलेला, पैसा मंजूर. चांगल्या गुणांची एम.एस्सी. आणि इंग्रजी लागते. आमच्यासारख्या पदविकावाल्यांना ते दार बंदच! अर्ज जगभरातून येतात, त्यामुळे एकच अर्ज टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

नॉर्वेत भात पिकत नाही, मग आपल्या मुलाचे तिथे काय काम, असे कोणी विचारेल. पण ऑस्लोजवळच्या ऑस गावी १८५९ पासून शेतीचे शिक्षण चालते, आणि नॉर्वेच्याच संशोधकांनी हवामान बदल व भातशेती यावर तामिळनाडूत ‘क्लायमाराइस’ प्रकल्प राबवला. आपल्या खाडीकाठी खारे पाणी शिरून भात जातो. कर्जतचे भात संशोधन केंद्र, पनवेलचे खारभूमी केंद्र ही दोन्ही दापोली विद्यापीठाची. तिथे एम.एस्सी.चा प्रबंध नीट केलेला मुलगा असल्या विषयाला उपरा ठरत नाही.

इकडेच राहायचे म्हटले तर केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. पण त्यांची पात्रता परीक्षा २४ डिसेंबर २०२३ ला झाली ती जुन्याच सेट परीक्षेचा पेपर देऊन, आणि १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली तर मुलांनी बहिष्कार टाकला. संशोधन करायचे की मैदानात बसायचे, हा त्या पोरांचा प्रश्न रास्तच होता.

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, यांना एक विनंती. उत्पन्नाचा अहवाल आठवडाभर टेबलावर राहिला की नॉन-क्रिमिलेअर लांबते आणि मुलाची मुदत जाते. पालकांनीही मुलगा किंवा मुलगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच दाखले, जातवैधता आणि पासपोर्ट यांच्या मागे लागावे. नॉर्वेच्या जाहिराती वर्षभर केव्हाही निघतात आणि अर्जाला हातात थोडेच आठवडे मिळतात.