वाळू सर्वांची, वास्तू कोणाची?

आमच्या हिंगोलीला समुद्र नाही. तरी मुरुडच्या किनाऱ्यावर उभा असताना मला आमच्याकडचे वाडेच आठवले. वारस डझनभर, डागडुजीला पुढे कोणी नाही. चार पावसाळे गळले की माळवद खाली!

मुरुडला जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, राजवाडा खासगीच राहिला. किनारा सर्वांचा, वास्तू मालकाची. मग ती जपायची कोणी?

फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर बंधने आणली. किहीमला मार्च २०१९ मध्ये हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, ते योग्यच झाले. पण बेकायदा ते पाडणे एक आणि जुने ते राखणे दुसरे. कायदा दुरुस्तीला परवानगी देतो, पैसा देत नाही.

मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने काही मालकांना बुडालेले बांधकामहक्क दुसरीकडे विकण्याची सोय दिली. लहान गावात त्या हक्कांना गिऱ्हाईक कुठले? तेथे सरळ व्यवहार हवा: दुरुस्तीला सरकारी मदत, बदल्यात वर्षातले काही दिवस लोकांना दार उघडे. मालकी मालकाचीच राहील.

आमच्या वाड्यांच्या वेळी हे कोणी सुचवले नाही. आज तेथे नुसत्या मोकळ्या जागा आहेत.