ईदनंतर ये, म्हणाले होते

मागच्या रमजानमधली गोष्ट. एम.ए.ची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर दाराशी थांबून म्हणाली, "मॅडम, दहा मिनिटं बोलायचं होतं." मला इफ्तारच्या तयारीची घाई. "ईदनंतर ये," म्हणाले. ईद झाली, परीक्षा झाली, ती आली नाही. तिनं शिक्षण सोडल्याचं नंतर कळलं. कागदोपत्री मी तिची मेंटॉर. यादीत तिच्या नावापुढे माझी सही आजही आहे.

नॅकच्या मूल्यांकनासाठी एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे प्रमाण द्यावं लागतं. आम्ही ते चोख देतो. त्यांच्यात बोलणं झालं का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

यंदा रोजे सुरू होण्याआधी सहलीसोबत नागझिऱ्याला गेले, तेव्हा तीच मुलगी डोक्यात होती. पक्षीअभ्यासक किरण पुरंदरे या जंगलात 400 दिवस राहिले आणि 'सखा नागझिरा' लिहिलं. एवढे दिवस आपण कुठून आणणार? पण शेजारच्या नवेगावबांधचं उदाहरण मला जवळचं वाटतं. मारुती चितमपल्ली तिथं वनाधिकारी होते, कोईमतूरला वनशास्त्र शिकून आलेले. तरी जंगल समजून घ्यायला ते गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसोबत हिंडले. हुद्दा एकाकडे, इल्म दुसऱ्याकडे, आणि हुद्देवाल्यानं शागिर्द व्हायला कमीपणा मानला नाही. वनाधिकाऱ्याला तरी कुठली फुरसत? शिकणं बहुधा कामाच्या वाटेवरच झालं असेल.

उर्दूत याला सोहबत म्हणतात. आपण मात्र त्यासाठी निराळा, निवांत वेळ शोधत बसतो, आणि तो मिळत नाही. (मी तर टाइमटेबलातही शोधला!) त्या दिवशी तिला "चल, स्टँडपर्यंत सोबत ये" म्हणता आलं असतं. इफ्तार काही चुकला नसता.

परवा तिच्या मैत्रिणीकडून नंबर घेऊन फोन केला. आधी माफी मागितली. ती आता एका दुकानात हिशेब लिहिते, रविवारी सुटी असते. या रविवारी तिला आईसोबत आमच्याकडे इफ्तारला बोलावलं आहे. तेव्हा तिला काय बोलायचं होतं, ते फोनवर विचारलं नाही.